देवरावभाऊंचं नाणं

देवरावभाऊ आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहत. ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात त्यांनी तीस वर्षं फिटरचं काम केलं. घरी कोणी आलं की चहाच्या आधी नाण्यांचा डबा पुढे यायचा. त्यांच्या पत्नी रुखमाबाई म्हणायच्या, "पाव्हना उपाशी मरन यांचे नाणे पाहू पाहू."

डब्यात एक नाणं मऊ फडक्यात वेगळं असे. इटलीहून कामावर आलेल्या एका इंजिनिअरने दिलेलं. तिकडे सान मारिनो म्हणून देश आहे, आपल्या तालुक्याहूनही लहान. तो एका दगड फोडणाऱ्या साधूने वसवला म्हणतात. त्याच्याच मानाचं हे चांदीचं नाणं, वर हातात छिन्नी घेतलेला तो साधू. भाऊंचे वडील मूल गावाकडे पाटे-वरवंटे घडवत, गावोगाव जात्यांना छिन्नीने टाकी लावत. शाळेत पोरं भाऊंना 'टाकीवाला' चिडवत. नाणं दाखवताना भाऊ एवढंच सांगत, की बापाच्या हातात होती तीच छिन्नी याच्या हातात आहे.

रिटायर झाल्यावर चंद्रपुरात नाण्यांचं प्रदर्शन ठरलं. भाऊंनी जन्मात पहिल्यांदा नाव दिलं, तेही या एका नाण्यासाठी. मध्येच पुतणीचं लग्न निघालं. डबा माझ्याकडे ठेवून दोघं मूलला गेले. मार्गशीर्षातला गुरुवार होता, मी देव घासायला बसले होते, तेव्हा डब्यातलं ते नाणंही काढलं. वाटलं, हाही साधूच, किती काळा पडलाय बिचारा. चिंच लावली, रांगोळीने खसखसून घासलं, हळदीकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवलं.

भाऊंनी परत आल्यावर ते खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिलं. "लय चमकलं बाई," म्हणाले. मला बरंच वाटलं.

प्रदर्शनाहून आले ते थेट माझ्या दारात. लोकांनी पाहिलं का, मी विचारलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि नाणं माझ्या हातावर ठेवलं. "तुमच्या देवातच राहू द्या. इथी त्याले रोज फूल तरी भेटन."

भाऊ मागच्या पावसाळ्यात वारले. नंतर कधीतरी रुखमाबाई बोलून गेल्या, की घासलेलं नाणं मांडत नसतात, अंगभर ओरखडे आहेत, असं सांगून प्रदर्शनवाल्यांनी त्यांना टेबलावरूनच परत पाठवलं होतं. मी म्हटलं, मले काऊन नाई सांगितलं?

"ते म्हनले, बाईनं देव समजून घासलं. सांगू नको."

आता गुरुवारी बाकीचे देव घासते, त्याला नुसतं पाणी घालते. कडेने तो पुन्हा काळा पडू लागलाय. ओरखडे तसेच आहेत. भाऊंपुढे एकदा हात जोडून चूक कबूल करायची होती, तेवढी वेळही त्यांनी माझ्यावर येऊ दिली नाही.