कवीच्या दगडापुढं कोंबडं

गावामागच्या पडक्या किल्ल्यावर एका दगडावर बसून कुणी जुना कवी कविता लिहायचा, म्हणून बेळगावची साहित्यप्रेमी मंडळी तो दगड बघायला यायची. वाट दाखवायला भरमाण्णा. सकाळी डेअरीत दूध घातलं की हा गडी साहित्यसेवेला मोकळा, आणि सेवेत कुणी आडवं आलं की पेटायचा.

त्या दगडावर गुराखी बसून तंबाखू मळायचे. भरमाण्णानं शिव्या घालून बघितल्या. शेवटी त्यानं दगडाला शेंदूर फासला. मग त्यावर टेकायची कुणाची छाती होईना. पण महिन्याभरात तिथं नारळ फुटायला लागले, लिंबं आली, आणि परवा मंडळींना घेऊन वर पोचतो तर शेजारची गंगूआक्का दगडापुढं कोंबडं घेऊन उभी!

भरमाण्णाचं टाळकं सरकलं. "अगं, देव न्हवं ह्यो! कवी बसायचा हितं, कवी!"

"ठावं हाय की रं," आक्का म्हणाली. "म्हणूनच तर हितं नवस केलता. आमच्या जोत्याचं कवितेचं खूळ गेलं बघ. कामाला लागला!"

भरमाण्णानं मागं बघितलं, तर मंडळींतल्या एका कवीची बायको गुपचूप चपला काढत होती.