नावेतला आवाज

इंदूरच्या मिल एकामागून एक बंद पडत होत्या, तेव्हा आमची इंजिनियर रेजिमेंट महूला होती. रोइंग टीमचा सराव इंदूरजवळच्या तलावावर. पहाटे पीटी, मग नाव पाण्यात. नाव जुनी, तलाव लहान. इतर टीम आम्हाला ‘डबकेवाले’ म्हणत.

वल्ही मारणारे आम्ही चौघे, पाठ पुढे करून बसायचो. पुढचं दिसायचं फक्त हुकूम देणाऱ्या कॉक्सला. आमचा कॉक्स दिनेश, साधा सॅपर, इंदूरच्याच स्नेहलतागंजचा. वजन कमी, आवाज तोफेचा. वडिलांचे कान मिलच्या लूमखात्यातल्या खडखडाटात गेलेले, म्हणून घरी ओरडूनच बोलायची सवय.

“भिया, पाणी कापायचं आहे, पोहे नाही कालवायचे!” तो मला म्हणायचा. मी जवळच्या बेटमा गावचा, घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. तरी ऐकून घ्यायचो. आम्हा चौघांतले हवालदार बलवंतसिंगही ऐकायचे. नावेत चढताना ते रोज म्हणायचे, “रँक किनारे पे. कमांड दिनेश की.”

फायनलआधी ऑर्डर आली. पहिल्या दोनांत या, नाहीतर टीम मोडणार, सगळे आपापल्या कंपनीत. मिल बंद झाल्यापासून दिनेशचे वडील घरात बसून होते. रविवारी दिनेश घरी गेला की तेवढंच बोलायचे. त्याला इथंच राहायचं होतं.

शेवटच्या टप्प्यात आम्ही दुसरे होतो. मागची नाव जवळ येत होती. आम्हाला ती दिसत होती. दिनेशला शेवटची रेषा.

“वल्ह्यांचा रेट तोच! पोहोचतोय आपण!” दिनेश ओरडला.

“रेट बढाओ!” बलवंतसिंग गरजले.

हवालदाराचा हुकूम. डोक्यानं विचार करायच्या आत सगळ्यांचे हात चालले, पण एकत्र नाही. तीन नंबरचं वल्हं पाण्यात अडकलं. नाव तिरपी झाली. आम्ही तिसरे आलो.

किनाऱ्यावर बलवंतसिंग मान खाली घालून उभे होते. दिनेशनं त्यांना पाणी दिलं. “जाऊ द्या उस्ताद. नाव तरी बुडाली नाही ना.”

टीम मोडली. दिनेशची कंपनी सीमेवर गेली. सुरुंग काढताना तो शहीद झाला.

सुट्टीत मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या वडिलांनी, काकांनी, विचारलं, “नावेत काय करायचा तो?”

“पुढचं बघून आम्हाला सांगायचा.”

त्यांनी कानामागे हात धरला. मी मोठ्यानं पुन्हा सांगितलं. त्यांचा हात कानामागेच राहिला.

“राहू दे बेटा,” काका म्हणाले. “मला त्याचंच ऐकू यायचं.”