आखूड पाकळीची डबी

नागपूरच्या विमानतळावर आई रडली नाही. माझी बॅग दोन किलो जास्त भरली होती आणि लोणच्याची बरणी काढायची की माझी पुस्तकं, यातच तिचं सगळं लक्ष होतं. शेवटी पुस्तकं बाबांच्या हातात गेली. "तिकडेही असनच ना इतिहास," बाबा म्हणाले.

इतिहास होता, नोकरी नव्हती. संदीप, माझा नवरा, कॅनडातल्या किचनर शहरात सॉफ्टवेअर कंपनीत रुळला. मी मात्र दहा वर्षं कॉलेजात इतिहास शिकवून आलेली. अप्लाय करावं तिथे 'कॅनडियन एक्स्पीरियन्स' मागायचे. मग एका छोट्या म्युझियममध्ये व्हॉलंटियर झाले. निळे ग्लोव्ज घालून बेसमेंटमधल्या वस्तू पुसायच्या. तुमच्यापैकी जे इकडे आलेत त्यांना सांगायला नकोच, धूळ पुसत असलो तरी फोनवर घरी 'हेरिटेज कन्झर्व्हेशन' म्हणायचं असतं.

त्यात एक डबी होती. बर्चच्या सालीची, झाकणावर साळिंदराच्या रंगवलेल्या काट्यांचं फूल. इथल्या मूळच्या समाजातल्या बायका अशा डब्या करून पर्यटकांना विकायच्या. रजिस्टरमध्ये एवढंच होतं, 'सुव्हेनिर. करणारी अज्ञात.' पाच पाकळ्यांपैकी एक आखूड होती. प्रदर्शनासाठी तिचं लेबल लिहायचं काम हेलनने, म्हणजे आमच्या क्युरेटरने, माझ्यावर सोपवलं. कॅनडातलं माझं पहिलं लेखन! तीन दिवस खपून मी लिहिलं, की ही पाकळी म्हणजे मानवी जीवनाच्या अपूर्णतेचं प्रतीक. हेलन म्हणाली, "ब्यूटिफुल." मी लगेच फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला.

दुसऱ्याच शनिवारी सत्तरीच्या एक बाई त्या काचेसमोर उभ्या राहून हसायला लागल्या. अगदी खांदे हलेपर्यंत. मी जाऊन गाईडच्या आवाजात त्यांना अपूर्णता समजावली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"हनी," मग त्या म्हणाल्या, "ही माझ्या आजीची डबी. तिला कायम उशीर व्हायचा. टुरिस्टांची बोट धक्क्याला लागायची आणि हिची शेवटची पाकळी राहिलेली. मग ती आखूडच उरकायची. प्रत्येक डबीवर."

मला थेट बेसमेंटमध्ये जाऊन बसावंसं वाटलं. पण त्यांचं हसू आता थांबलं होतं. मी रजिस्टरमधून लेबलावर उतरवलेल्या 'अज्ञात' या शब्दाकडे त्या बघत होत्या.

"तिचं नाव अ‍ॅग्नेस होतं," त्या म्हणाल्या.

या मार्लीन, अनिशिनाबे या इथल्या मूळच्या समाजातल्या. मी त्यांना हेलनकडे घेऊन गेले. हेलन म्हणाली, नाव लावायचं तर पुरावा लागेल. नोकरीला लागणाऱ्या ज्या रेफरन्स लेटरसाठी वर्षभर धूळ पुसली, ते तिच्याच हातात होतं. तरी तोंडातून निघून गेलंच, "हेलन, जीवनाच्या अपूर्णतेचा पुरावा तू मागितला नव्हतास."

हेलन आधी लाल झाली, मग खाली बघून हसली. पुढच्या शनिवारी मार्लीन घरातल्या तीन डब्या घेऊन आल्या. एकीत बटणं, एकीत औषधाच्या गोळ्या, एक रिकामी. तिन्हींवर तीच घाईची पाकळी. माझं लेबल निघालं. नवीनही मीच लिहिलं, 'अ‍ॅग्नेस यांनी केलेली. बोट आली म्हणून एक पाकळी आखूड.' लेटर मिळालं, आणि त्याच्या जोरावर तिथेच पार्ट टाइम नोकरीही.

मार्लीन आता म्युझियममध्ये आम्हाला हे काम शिकवतात. काटे पाण्यात मऊ करायचे, सालीला भोक पाडून ओवायचे. माझं पहिलं फूल बघून त्यांनी विचारलं, "हा बेडूक का?" सरावाला मूठभर काटेही दिले. बर्फातून घरी आले तेव्हा आईचा व्हिडिओ कॉल वाजत होता. दारातच उचलला आणि हौसेने काटे दाखवले.

"अवं, साळिंदराचे काटे कायले आणले घरात? भांडणं होते ना!"

"आई," संदीप आतून ओरडला, "ड्राइव्हवेवरचा बर्फ कोणी शोव्हल करायचा यावर रोज होतातच."

आई हसली आणि मग नेहमीचं विचारलं, "घरी कधी येशील वं?"

एरवी मी रजेचं, तिकिटांचं सांगत बसते. त्या दिवशी म्हणाले, "आत्ताच तर आले. बूटही काढले नाहीत अजून."

बोलून गेले आणि मग कळलं, आईने नागपूरच्या घराचं विचारलं होतं. आई स्क्रीनच्या जवळ आली.

"मग काढ ना बूट," ती म्हणाली. "अन् हातपाय धुऊन जेवून घे."