लॉरी आणि ट्रेलरमधली वाकळ

डायवरांच्या बायका चौघी जमल्या, की किस्से तंबाखूच्या पोत्यांसारखे थप्पीला लागतात. माझ्या थप्पीतले हे काही!

ऐका तर. निपाणीत एक होता लॉरीडायवर आणि एक होती त्याची बायको गौरा. गौरा म्हणजे मी. त्यांचं नाव उखाण्यात घेतलं तेवढं पुरे!

लढाईचे दिवस, पेट्रोल कुपनावर. तंबाखू भरलेली लॉरी, मागं ट्रेलर, निपाणीहून बेळगावला. येताना पेट्रोल वाटेतच संपायचं. नवं कुपन मिळेपर्यंत हे चार-चार दिवस संकेश्वरात अडकून. मी इकडे सवयीनं दोघांच्या भाकऱ्या थापायची आणि ह्यांच्या वाटणीच्या शेजारच्या म्हशीला घालायची.

शेजारीण म्हणाली, "गौरे, तुझा नवरा आमच्या म्हशीला लई धार्जिणा गं!"

*

एकदा वैरणीचे भारे डोक्यावर घेऊन मी आणि शेजारीण माळावरून येत होतो. ती पुढं, मी मागं. जरा अंतर पडलं, की मधे वारं घुसायचं आणि माझा भारा मागं ओढायचं. चिकटून चाललं, की काही नाही!

हे आल्यावर म्हटलं, "लॉरी आन् ट्रेलरच्या मधी बी आसंच वारं शिरून मागं वढत आसंल, म्हून पेट्रोल जास्त जातंय. लावा की कायतरी आडवं."

"तू कवापास्नं मिस्त्री झालीस गं?"

"म्हशीसंगं बोलून बोलून!"

*

जुन्या लुगड्यांच्या दोन वाकळा शिवल्या. ह्यांनी त्या लॉरीपासून ट्रेलरपर्यंत दोन्ही अंगांनी ताणून बांधल्या. पहिल्याच वळणाला एक टरकन फाटली! मी निजणाऱ्या माणसाच्या मापानं शिवलेली, वळणाऱ्या लॉरीच्या नव्हे.

दुसऱ्या खेपेला निऱ्या ठेवल्या. वळणावर उलगडायच्या, सरळ रस्त्याला मिटायच्या.

*

ट्रेलरवरची पोती लॉरीच्या उंचीच्या वर गेली, की तिथं वारं अडतं म्हणून हे हमालांना वरचा थर उतरवायला लावायचे. एक हमाल वैतागला, "डायवरअण्णा, आता वाऱ्याची बी हमाली आमीच करायची व्हय?"

*

आणि एक दिवस हे सकाळी गेले ते दुपारी परत! लॉरीच्या मालकानं टाकीत काठी घालून बघितली. काठी ओली.

"खरं सांग रं, बेळगावला गेलतास का अर्ध्यातनंच आलास?"

ह्यांनी माल उतरवल्याची पावती पुढं केली.

हे घरी आले, तर घरात भाकरी नाही. शेजारी म्हैस रवंथ करत होती.

*

"पेट्रोल वाचवा रं!" म्हणत मालकानं आपल्या तिन्ही लॉऱ्यांना वाकळा लावल्या. तिन्ही डायवर रोज घरी यायला लागले. पुढच्या वर्षी तिघांच्याही घरी पाळणा हलला!

आमच्या थोरल्याच्या बारशाला मालक आले. पाळण्यात बघितलं, ह्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मी निस्तं पेट्रोल वाचवाय सांगितलं हुतं रं!"