पायऱ्यांखालचा समुद्र

सिंगापूरमधल्या क्लेमेंटीत आमच्या शेजारी राहणाऱ्या विनीतामावशी दारूला शिवत नाहीत, पण वर्षातून एकदा, गणपती विसर्जनाच्या दिवशी, त्या एका पबमध्ये जातातच.

पब जुन्या बंगल्यात आहे. पूर्वी त्याच्या मागच्या पायऱ्या थेट समुद्रात उतरायच्या; मावशींच्या घरचा गणपती तिथेच विसर्जित व्हायचा. भरतीची वाट बघत मावशींचे यजमान प्रबोधकाका व्हरांड्यात बिअर घेत बसायचे आणि मावशी धुसफुसायच्या. पाणी चढलं की चिनी मालक स्वतः टाळ्या वाजवत ‘मोरया’ म्हणायचा. मग समुद्रात भराव पडला, समुद्र लांब गेला. काकाही गेले. आता त्या पायऱ्या पार्किंगमध्ये उतरतात.

यंदा मीही सोबत होते. घरी बादलीत विसर्जन करून मावशी रिकामा पाट घेऊन निघाल्या. विसर्जनाच्या जागेची वाळू पाटावरून घरी आणायची, ही आपली रीत. पायऱ्यांशी वाकून त्यांनी मूठभर माती उचलली.

सोबत आलेली त्यांची नात जाई हसून सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “आजी, नो सी हिअर, ला!”

मावशी भडकल्या. “समुद्र हलवला असेल यांनी. आमचे गणपती कुठे हलवलेत? या गाड्यांखालीच आहेत सगळे!”

जाईने गाड्यांकडे पाहिलं. मग हळूच चपला काढल्या.