गाय डांबरीवर आणा

शितोळे डॉक्टरांचा स्टेथोस्कोप रोज सकाळी पहिल्यांदा जिच्या छातीला लागायचा ती गाय नसे, म्हैसही नसे. ती त्यांची गाडी असे. बारामतीत त्यांचा जनावरांचा दवाखाना होता. सकाळी सातला दवाखान्यासमोर बॉनेट उघडून, डोळे मिटून, इंजिनावर स्टेथोस्कोप टेकवून डॉक्टर उभे असायचे. शेजारी सुजलेल्या कासेची एखादी शेळी आणि तिचा मालक ताटकळत असायचे. मालक खाकरला की डॉक्टर डोळे न उघडता हात वर करून म्हणायचे, "थांबा. तिसरा व्हॉल्व्ह बोलतोय."

मी जंताचं औषध न्यायला गेलो होतो तेव्हा हे दृश्य पहिल्यांदा पाहिलं. डॉक्टरांनी मला जवळ बोलावून नळ्या माझ्या कानात घातल्या. मला नुसती घरघर ऐकू आली. "यंत्र खोटं बोलत नाही, सर," ते म्हणाले. "माणूस बोलतो. म्हैससुद्धा बोलते." म्हैस खोटं कसं बोलते, असं मी विचारलं. "पान्हा चोरते की!" म्हणून त्यांनी बॉनेट लावलं आणि शेळीकडे वळले. वळल्यावर मात्र दोन मिनिटांत रोग ओळखला. माणूस हुशार होता, त्याबद्दल वाद नाही. आता दवाखाना बंद करून ते मुलीकडे नाशिकला गेलेत, पण आमच्या काटेवाडीत कुणाची गाय अडली की अजून त्यांचंच नाव निघतं. नाव निघालं की लोक आधी हसतात.

गाडी म्हणाल तर आपल्याकडे निवृत्त झालेला हेडमास्तर घेतो तीच, छोटी. फक्त डॉक्टरांनी तिचा 'स्पोर्ट' अवतार घेतला होता. रंग लाल, मागे पंख, इंजिनाला टर्बो. आमच्या बारामती-इंदापूर पट्ट्यात माणसाची पत त्याच्या गाडीच्या उंचीवरून ठरते. ऊस चांगला गेला की गाडी उंच होते, निवडून आला की आणखी उंच आणि पांढरी होते. या सगळ्या चढाओढीत डॉक्टर एकटेच खाली निघाले होते. पुण्याहून खास आखूड स्प्रिंगा आणून त्यांनी गाडी जमिनीपासून चार बोटं खाली बसवली. सायलेन्सर बदलला, हवेचा फिल्टर बदलला, आणि कुठल्याशा पोराकडून लॅपटॉप जोडून इंजिनाचं डोकंही बदलून घेतलं.

ती घेऊन ते आपल्या गावी, निरवांगीला, वडिलांना दाखवायला गेले. वडील जुने बागायतदार. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून खाली पाहिलं आणि म्हणाले, "आरं, लोकं गाडी उचलून घेत्यात. तू चांगली गाडी मुद्दाम बसवून आणली व्हय?" वस्तीपर्यंत गाडी जाणार नव्हती, म्हणून डॉक्टर वडिलांच्या मोटरसायकलवर मागे बसून घरी जेवायला गेले. हे मला त्यांच्या पत्नीनं सांगितलं. शितोळे मॅडम माझ्याच शाळेत गणित शिकवायच्या आणि नवऱ्याबद्दल कधी एक शब्द वाढवून सांगायच्या नाहीत. वाढवायची गरजही नसायची.

शाळेच्या रस्त्यावर पाच गतिरोधक आहेत. डॉक्टर मॅडमना सोडायला यायचे. गतिरोधक आला की गाडी थांबायची, मॅडम उतरायच्या, गाडी तिरकी होऊन एकेक चाक जपत पलीकडे जायची, मॅडम परत बसायच्या. हे पाच वेळा. आठवड्याभरात मॅडम तिसऱ्या गतिरोधकापासून चालतच येऊ लागल्या आणि गाडीच्या आधी पोचू लागल्या. "तब्येतीला बरं," एवढंच त्या म्हणायच्या.

पण खरी ख्याती झाली ती एका वाक्यानं. डॉक्टर डांबरी सोडून गाडी आत घालत नसत. कारखाना सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांनी वस्त्यांचे रस्ते उखडून जातात. दोन बाजूंना खोल चाकोऱ्या आणि मध्ये गुडघाभर उंचवटा. फोन आला की डॉक्टर लक्षणं विचारायचे, धीर द्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "गाय डांबरीवर आणा." मग लंगडणारी गाय, दोन माणसं पुढे, एक मागे, अशी मिरवणूक निघायची. एका सकाळी मी काटेवाडीच्या फाट्यावर तीन गायी आणि एक रेडकू रस्त्याकडेला ओळीनं उभं असलेलं पाहिलं. एसटी थांबली, कंडक्टरनं बाहेर डोकं काढून विचारलं, "बाजार हाय का काय आज?"

मी एकदा डॉक्टरांना म्हटलं, "अहो, एखादी साधी मोटरसायकल ठेवा फेरीला." त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "सर, ज्याला वेगाचं वेड नाही त्यानं डॉक्टर होऊ नये. जनावर दगावतं ते रोगानं नाही, उशिरानं." वाक्य खरं होतं. म्हणूनच तर त्यांच्याशी वाद घालता येत नसे.

मग वजन कमी करण्याचं खूळ आलं. गाडी हलकी तेवढी चपळ, हा नवा मंत्र. एका शनिवारी मॅडमकडे पेपर तपासायला गेलो, तर पोर्चमध्ये गाडीतून काढलेल्या वस्तूंची रांग: मागची सीट, स्टेपनी, जॅक, पायपुसणी आणि औषधांची लोखंडी पेटी. प्रत्येकीवर खडूनं वजन लिहिलेलं. मॅडम चहा घेऊन बाहेर आल्या. "माझं लिहायचं राहिलं वाटतं," त्या म्हणाल्या. "तुझं पाठ आहे मला," डॉक्टर म्हणाले, आणि ते विनोद करत नव्हते.

"पेटीत सलाइनं, कॅल्शियमच्या बाटल्या असतील ना?" मी विचारलं. "ऐन वेळी लागल्या तर?"

"लागतील तेव्हा दवाखान्यातून उचलून निघायचं. सोळा किलो रोज कशाला फिरवायचे? साधं गणित आहे, सर." गणिताच्या मॅडम कप घेऊन आत गेल्या.

त्यानंतरच्या महिन्यातली गोष्ट. आमच्या गोठ्यात चार गायी, त्यात बांडी ही आईची. काळीपांढरी, संकरित, वासरू असल्यापासून आईनं हातावर वाढवलेली. शनिवारी संध्याकाळी ती तिसऱ्यांदा व्याली. कालवड झाली, सगळं नीट झालं. रविवारी सकाळी ती मागच्या पायांत झोकांड्या खाऊ लागली. आईनं तिचे कान धरून पाहिले. "कान गार पडलं रं," ती म्हणाली. नऊ वाजता बांडी खाली बसली आणि मान वळवून पोटाकडे घातली. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या बापूंची गाय अशीच बसली होती, दुपारपर्यंत गेली होती. आई बांडीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझी गाय जाऊ दिऊ नको."

मी डॉक्टरांना फोन लावला. रविवारी सकाळी इंदापूरला जाऊन चहा पिऊन परत येणे, हा त्यांचा धर्म होता. चहा बारामतीतही मिळतो, पण मध्ये रस्ता मिळत नाही. ते परतीच्या वाटेवर होते. "कान गार? मान पोटाकडे? दुग्धज्वर. कॅल्शियम संपलंय तिच्या रक्तातलं. आडवी पडू देऊ नका, दोन्ही बाजूंनी पोत्यांचा टेकू द्या. अकरा मिनिटं."

दहाव्या मिनिटाला फाट्यावर त्यांच्या सायलेन्सरचा आवाज आला. आवाज थांबला, आणि मी कपाळाला हात लावला, कारण ही गाय काही डांबरीवर जाणार नव्हती. मग आवाज पुन्हा सुरू झाला. उसाच्या कडेनं लाल टप हलताना दिसला. "आगं बया," आई म्हणाली, "डॉक्टर गाडी आत आणत्यात!"

मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला. तो साधारण अर्धं मिनिट टिकला. नंतर कढई खरवडल्यासारखा लांबलचक आवाज आला आणि गाडी मधल्या उंचवट्यावर पोटावर बसली. पुढची चाकं चाकोरीच्या वर जागच्या जागी फिरत राहिली. डॉक्टर दार उघडं टाकून उरलेली दोनशे पावलं पळत आले. बांडीचे डोळे पाहिले, कान पाहिले, छातीला स्टेथोस्कोप लावला. "बरोबर. वेळेत आहोत. सर, डिकीतली पेटी आणा."

मी पळालो. डिकी उघडली. आत गाडीच्या पॉलिशच्या दोन बाटल्या, एक पिवळं मऊ फडकं आणि टायरची हवा मोजायचं यंत्र होतं. मी रिकाम्या हातांनी परत आलो. "पेटी नाही, डॉक्टर," मी म्हणालो. त्यांचं तोंड जसं झालं तसं मी पुन्हा कधी कुणाचं पाहिलं नाही. वेगात येण्याच्या आनंदात हा माणूस रोग ओळखून, औषध ओळखून, औषधाशिवाय आला होता.

गावातलं जनावरांच्या औषधांचं दुकान रविवारचं बंद. डॉक्टरांनी दवाखान्यात फोन केला. तिथे त्यांचे जुने कंपाउंडर तात्या मागच्या खोलीतच राहत. तात्यांकडे एक मोपेड होती, तिला सायकली मागे टाकत. "तात्या, कॅल्शियम घेऊन काटेवाडीला या," एवढंच डॉक्टर म्हणाले. पलीकडून तात्यांनी काय विचारलं कोण जाणे, डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "व्हय. घरीच ऱ्हायली."

पुढची चाळीस मिनिटं तालुक्यातला सगळ्यात वेगवान माणूस शेणात मांडी घालून बसला होता. बांडीचं डोकं खाली पडू लागलं तसं त्यांनी ते मांडीवर घेतलं. तिची लाळ त्यांच्या लाल जाकिटावर ओघळत होती. एक हात गळ्याखाली, दुसऱ्या हातानं ते तिची मान चोळत होते, आणि बोलत होते. दवाखान्यातली त्यांची शुद्ध भाषा गेली होती, निरवांगीची उरली होती. "जाऊ नगंस गं बाय. येत्यात तात्या. माझी चूक हाय, तुजी न्हाय. थांब जरा. थांब माज्यासाटी." आई पदर तोंडाला लावून बघत होती. माझा राग मला कुठे ठेवावा कळेना.

बापूंना मात्र कळलं. ते गाडीपर्यंत जाऊन डिकी बघून आले होते. "डॉक्टर," ते म्हणाले, "तवर पालिश लावून बघायचं का?" डॉक्टरांनी मान वर केली नाही.

तात्या मोपेडवरून थेट गोठ्यापर्यंत आले, अडकलेल्या गाडीच्या बाजूनं, उसाच्या कडेकडेनं. पायाशी पिशवी, पिशवीत टॉवेलात गुंडाळलेल्या बाटल्या. "कोमट करून आणल्यात," तात्या म्हणाले. "गार कशाला घालायचं गार जनावराला."

डॉक्टरांनी मानेतली शीर धरली आणि औषध सोडलं, अगदी सावकाश. एका हातानं बाटली खाली-वर करत, दुसऱ्या हातानं छातीवर स्टेथोस्कोप धरून ते ठोके मोजत होते. बापूंना राहवेना. "आता तरी रेस द्या की! थेंब थेंब काय सोडताय?"

"बापू, घाई केली तर काळीज बंद पडतं तिचं. गप बसा," डॉक्टर म्हणाले. पहिली बाटली संपायला वीस मिनिटं लागली. दुसरी अर्ध्यावर असताना बांडीच्या खांद्यांना थरथर सुटली. मग तिनं मोठा ढेकर दिला, शेण टाकलं, आणि थोड्या वेळानं मागचे पाय ओढून घेऊन उभी राहिली. उभी राहून तिनं कालवडीकडे पाहिलं. आई रडली, मीही रडलो, आणि ते लपवायची मला गरज वाटली नाही. आईनं डॉक्टरांच्या हातावर तांब्यानं पाणी घातलं. "हात सोन्याचा हाय तुमचा, डॉक्टर," ती म्हणाली. "डोस्क्याचं तेवढं बघा कुणाकडनं तरी."

गाडी बापूंच्या ट्रॅक्टरनं ओढून काढली. पुढचा बंपर आमच्याच शेतात राहिला. मला वाटलं, आता हा माणूस सुधारला.

मंगळवारी मॅडम शाळेत उशिरा आल्या, घामाघूम, खांद्यावर पर्स, हातात वह्यांचा गठ्ठा. एसटीनं आल्या होत्या. "डॉक्टर कुठे गेले?" मी विचारलं.

"आहेत की. पेटी परत डिकीत ठेवली त्यांनी, शप्पथ घेऊन. आता कधी काढणार नाहीत." मॅडमनी वह्या टेबलावर ठेवल्या. "सोळा किलो वाढले ना, म्हणून पुढची डावीकडची सीट काढली."

मला हसू आवरेना. मॅडमही थोड्या हसल्या. त्यांना बरं वाटावं म्हणून मी रविवारची हकिगत सांगितली. पॉलिशची नाही, दुसरी. डॉक्टर शेणात कसे बसले, डोकं मांडीवर कसं घेतलं.

"चाळीस मिनिटं?" मॅडमनी विचारलं.

"पूर्ण चाळीस."

"आणि बोलत होते? काय बोलत होते?"

मी डॉक्टरांच्याच शब्दांत सांगितलं. जाऊ नगंस गं बाय. थांब माज्यासाटी. मॅडम वह्यांच्या कडा जुळवत होत्या. त्या जुळल्या तरी जुळवत राहिल्या.

"गेल्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला होता," त्या म्हणाल्या. "तेव्हा दारातून विचारायचे, ताप किती आहे. आकडा सांगितला की जायचे."

तासाची घंटा झाली. मॅडम उठल्या, हजेरीपट काढला, आणि दाराशी थांबून म्हणाल्या, "सर, तुमची ती गाय एकदा बघायला येईन म्हणते."