दीड वीत वाळवंट

आठ वर्षं नंबर लावून मिळालेल्या स्कूटरवरून मी थंडीत एकटाच जैसलमेरच्या वाळवंटात जाणार, हे रत्नागिरीत कुणाला सांगायचं राहिलं नव्हतं. शेवटी स्टँडामागच्या मेकॅनिकलाही सांगितलं. त्याने प्लग काढला, फुंकला, शर्टाला पुसला आणि माझ्या नकाशावर तेलकट वीत टाकली.

“दीड वीत! वाळूच बघायची तर भाट्याची पुळण काय कुणी चोरलीन?”

“एकांत हवाय,” मी रुबाबात म्हणालो.

“बरं. मग ढकलणार कोण?”

अडाण्याला काय सांगणार! रविवारी सराव म्हणून भाट्याच्या किनाऱ्यावर स्कूटर वाळूत घातली. चाक अर्धं रुतलं. तासभर एकांत भोगला आणि त्यालाच बोलावून आणलं.

त्याने लेंगा वर खोचला, मागून खांदा लावला.

“हँडल धरा नीट,” तो म्हणाला, “जैसलमेर आलं.”